मदत हवी आहे: कपाशीनंतरची नांगरट थांबवावी का?

राम राम मंडळी. पारोळा तालुक्यात आमची थोडी काळी कोरडवाहू जमीन आहे, कपाशी आणि मका घेतो. नांगरट, रोटाव्हेटर, वखर करून ट्रॅक्टरचं भाडं झेपत नाही, आणि पहिल्याच मोठ्या पावसात बांध फोडून गढूळ माती नाल्याला जाते, ते बघवत नाही. म्हणून यंदा शून्य मशागत करायचं मनात आहे: गादीवाफे कायम, मुळं जमिनीतच, वर मक्याचा चारा अंथरायचा. पण तो अंथरला तर बैलजोडीला काय घालू?

खरी अडचण गुलाबी बोंडअळीची. तिचे कोष उन्हानं मरावेत म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करा, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) शेतात ठेवू नका, असंच सगळे सांगतात. मग नांगर न घालणारे काय करतात? आणि हरळीचं तण आवरतं का? धुळे-जळगावकडे काळ्या जमिनीत कुणी सलग केलं असेल तर खर्चासकट सांगा, पेरणीआधी ठरवायचं आहे.