चढावर स्कूटर मान टाकते, हब मोटरला हात लावला की चटका बसतो

पार्कसाइटची ताई, विक्रोळी

मी 20 लिटरचे पाण्याचे जार पोचवते. एका खेपेला तीन, म्हणजे 60 किलो, वर मी. पार्कसाइटचा चढ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. स्कूटर इलेक्ट्रिक, हब मोटरची, म्हणजे मोटर मागच्या चाकातच बसवलेली, दीड वर्ष झालं. पहिली खेप नीट होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अर्ध्या चढावर ती मान टाकते, पायी चालणारे पुढे जातात. बॅटरी 70 टक्के असते. वीस मिनिटं उभी केली की परत नीट. वर पोचलं की माझा मुलगा मोटरवर मगभर गार पाणी ओततो. सर्व्हिसवाले म्हणतात, लोड कमी करा. जार कमी केले तर घर कसं चालवू? मोटर जळेल का?

भांडुपवाला

ताई, मागचं चाक उचलून हाताने फिरवून बघा. माझा ब्रेक घासत होता, तेवढ्यानेच चाक तापायचं.

वाइंडिंगवाला, कुर्ला

ब्रेक बघाच. पण ताई, ते पाणी आजपासून बंद करा. तापलेल्या मोटरच्या आतली हवा फुगलेली असते. गार पाणी पडलं की ती आकसते आणि बेअरिंगच्या सीलमधून, वायर आत जाते तिथून, पाणी ओढून घेते. अशी मोटर मी उघडतो तेव्हा मॅग्नेटवर गंजाचे पापुद्रे असतात आणि हॉल सेन्सरचे (चाक कुठवर फिरलंय ते ओळखणारे छोटे भाग) पाय हिरवे पडलेले असतात.

मान टाकते ते बरंच आहे. कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्याला, मोटर तापल्याचं कळतं, तो करंट कमी करतो. तो मोटर वाचवतोय.

चढावर ओढ जास्त लागते, म्हणून करंट वाढतो. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. त्यात तांबं 100 अंशांनी तापलं की त्याचा रोध जवळपास 40 टक्के वाढतो, म्हणजे तेवढ्याच करंटला आणखी उष्णता. आणि हब मोटरमध्ये तारा मधल्या आसावर बसलेल्या, फिरतं ते बाहेरचं कवच, दोघांमध्ये हवेची फट. वारा कवचाला लागतो, तारांना नाही. तुम्हाला बाहेर चटका बसतो तेव्हा आत त्याहून खूप जास्त तापलेलं असतं. पहिल्या खेपेची उष्णता निघायच्या आत तुम्ही दुसरी खेप चढवता.

जार कमी करू नका, खेपा आलटून पालटून लावा. एक चढाची, मग एक एलबीएस मार्गावरची सपाट. चढावर मध्येच थांबू नका. चाक हलत नसताना पिळलेला थ्रॉटल सगळा उष्णतेतच जातो.

जळण्याची भीती असेल तर गाडी बंद करून, बॅटरी काढून, मेकॅनिककडून मोटरच्या तीन जाड फेज वायर (कंट्रोलरकडून मोटरला करंट नेणाऱ्या) सोडवून घ्या, टोकं एकमेकांना लागू न देता. चाक तरीही जड, अडकत फिरलं आणि ब्रेक मोकळा असला, तर वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांचं वेटोळं, शॉर्ट झालंय. मोकळं फिरलं आणि जळक्या वार्निशचा वास नसला, तर बहुधा ठीक आहे.

मोटरला वारा लागावा म्हणून कोणी कव्हरला भोकं पाडून देतो म्हणालं तर अजिबात पाडू देऊ नका. आपल्याकडे पावसात रस्त्यावर किती पाणी साचतं ते तुम्ही बघताच.

पार्कसाइटची ताई, विक्रोळी

दादा, फेज वायर सोडवून बघितल्या, चाक मोकळं फिरतंय. ब्रेक थोडा घासत होता, सैल करून घेतला. आज मधल्या खेपेला स्टेशनजवळच्या दुकानांचे जार घातले. तिसऱ्या खेपेलाही गाडी न थांबता वर गेली. मुलाने पाण्याचा मग घरात ठेवलाय.