डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांसाठी वर्गात नेमकं काय बदलावं?

पहिली_तुकडी
पहिलीच्या वर्गात दोन मुलं डावखुरी आहेत. दोघांचंही मनगट ओळीच्या वरून आत वळलेलं असतं, लिहिलेलं हाताखाली फिसकटतं, पान संपेपर्यंत हात दुखायला लागतो. कातरकामात कागद कापला न जाता दुमडतो. एकाच्या घरून ‘उजव्या हाताची सवय लावा’ असा आग्रह आहे. हात न बदलता काय करता येईल? ‘प्रोत्साहन द्या’ असा सल्ला नको, कृती सांगा.

सरळरेघ
सुरुवात वहीपासून करा, पेन्सिलच्या पकडीकडे नंतर वळा. वही समोर सरळ ठेवली की डावखुऱ्या मुलाचा हात लिहिलेल्या अक्षरांवरच येतो. ती दिसावीत म्हणून मूल हात ओळीच्या वर नेतं आणि मनगट वळवतं. म्हणजे वाकड्या मनगटाचं मूळ बहुतेक वेळा वहीच्या जागेत असतं.

वही शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे सरकवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ३० ते ४० अंश फिरवा. डावीकडचा वरचा कोपरा सगळ्यांत उंच यायला हवा. वहीची उभी कड कोपर ते मनगट या भागाला साधारण समांतर झाली की जागा बरोबर. बाकावर रंगीत चिकटपट्टीने तिरकी खूण करून ठेवा, कारण तोंडी सूचना दुसऱ्या तासाला विसरली जाते. उजवा हात पान धरायला वहीवर हवाच, नाहीतर वही सरकते.

आता पकड. पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटरवर धरायला सांगा, तिथे रबरबँड गुंडाळला तर बोटांना जागा कळते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा ही पकड जरा वर असते, त्यामुळे टोक दिसतं. हात ओळीच्या खाली, मनगट सरळ. डावा हात पेन्सिल ओढत नाही, ढकलतो. म्हणून फार अणकुचीदार टोक कागदात रुतून मोडतं. एचबी पेन्सिल आणि किंचित बोथट टोक ठीक. २बी लवकर फिसकटते. पुढे पेन आलं की जेलपेन टाळा, चटकन वाळणारं बॉलपेन द्या.

बसायची जागा बाकाच्या डाव्या टोकाला, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी सतत धक्का लागतो. उजेड डावीकडून येत असेल तर हाताची सावली अक्षरांवरच पडते, तेही पाहा.

कातरकाम
कागद दुमडतो त्यात मुलाचा दोष नाही. नेहमीच्या कात्रीत वरचं पातं उजवीकडे असतं. उजव्या हाताच्या बोटांचा स्वाभाविक दाब पाती एकमेकांवर घट्ट आणतो, डाव्या हातात तोच दाब त्यांना फाकवतो. शिवाय वरचं पातं कापायची रेघ झाकून टाकतं.

‘दोन्ही हातांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कात्र्यांत फक्त मुठी सारख्या असतात, पाती उजव्याचीच. घेताना पात्याकडे बघा: टोक समोर धरल्यावर वरचं पातं डावीकडे असेल तरच ती डावखुऱ्यांची. गोल कापताना उजव्या हाताचं मूल घड्याळाच्या उलट दिशेने जातं, डावखुऱ्याला घड्याळाच्या दिशेने जाऊ द्या.

पट्टीने रेघ आखताना उजवीकडून डावीकडे ओढू द्या. बुटाची नाडी शिकवताना शेजारी बसू नका, समोर बसा. उजव्या हाताने करून दाखवलेलं मूल आरशासारखं उचलतं.

काना_मात्रा
देवनागरीचं एक वेगळं आहे. शब्द संपतो तेव्हा डावखुऱ्याचं टोक उजव्या कडेला असतं. शिरोरेषा तिथूनच डावीकडे ओढू द्या. डावीकडून उजवीकडे ढकलायला लावली की ती थरथरते आणि कधी कागद टोचला जातो. अक्षरांवर छापलेले बाण उजव्या हाताच्या सोयीचे असतात. उभे दांडे तसेच वरून खाली, आडव्या रेघांचा बाण मात्र उलटा चालतो.

कित्त्यात नमुना डाव्या कडेला असतो आणि लिहायला हात टेकला की तोच झाकला जातो. उजव्या कडेलाही एकदा लिहून द्या. हे छोटं काम आहे, पण उतरवण्याचा वेग त्याने खरंच सुधारतो.

घरच्या आग्रहाबद्दल: सुमारे १० टक्के माणसं डावखुरी असतात, ही वाईट सवय नव्हे. जबरदस्तीने फक्त लिहिण्याचा हात बदलतो. चेंडू फेकायला, ब्रश धरायला पुढे डावाच येतो. मूल मात्र हळू आणि अवघडून लिहायला लागतं. पालकांना वही तिरकी करून शेजारी बसवा आणि दोन ओळी लिहिताना दाखवा, बोलण्यापेक्षा ते जास्त पटतं.

पहिली_तुकडी
धन्यवाद. एक मुलगा ३ आणि ६ उलटे काढतो. हे डावखुरेपणामुळे का?

सरळरेघ
सहा-सात वर्षांपर्यंत उजव्या हाताची मुलंही उलटे आकडे काढतात. ओळीच्या सुरुवातीला ठळक ठिपका द्या आणि आकडा हवेत मोठा गिरवून घ्या. सातव्या वर्षानंतरही सातत्याने होत असेल आणि वाचनही अडत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. नुसत्या उलट्या ३ वरून काही ठरवू नका.

मनगट सरळ करण्याचा हट्ट पहिली-दुसरीपर्यंतच धरा. मोठं मूल वाकड्या मनगटाने न दुखता वेगात लिहीत असेल, तर त्याची पद्धत मोडू नका.