भांडणानंतरची माफी: तुमचे अनुभव, तुमची रीत

पानगळ: "चुकलं माझं, पण तूही…" हे परवा कानावर पडलं आणि जुनं काय काय वर आलं. 'पण' आला की आधीचं सगळं पुसलं जातं. नेमकं कृत्य सांगा: "काल चारचौघांत तुझं बोलणं तोडलं, चूक माझी." "वाईट वाटलं असेल तर सॉरी" म्हटलं की चूक समोरच्याच्या वाटण्यावर जाते, म्हणून ते जास्तच झोंबतं. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात माफीचे सहा घटक तपासले होते. पहिला नंबर जबाबदारी घेण्याचा, दुसरा नुकसान भरून देण्याचा. "मला माफ कर" ही विनवणी सगळ्यात खाली! आपण सुरुवातच तिथून करतो. तुम्ही काय करता, लिहा.

निवांत: रागात असताना मागूच नका. नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की माणूस धड ऐकत नाही. नवरा-बायकोच्या नात्याचे अभ्यासक जॉन गॉटमन किमान २० मिनिटं थांबायला सांगतात. मात्र उठताना "अर्ध्या तासात येतो" म्हणा, आणि खरंच या. न सांगता निघून जाणं म्हणजे दार आपटणंच.

आरस्पानी: +१. त्या वीस मिनिटांत मनात प्रत्युत्तरं जुळवत बसलात तर राग उतरतच नाही. चाला, भांडी घासा.

उंबरठा: भांड्यांवरून आठवलं, रॉस आणि सिकोली या संशोधकांचा १९७९ चा अभ्यास. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं, घरातलं किती काम तुम्ही करता? दोघांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर! खोटं कुणीच बोलत नाही, स्वतःचे कष्ट तेवढे लख्ख आठवतात. वाद घालण्याआधी आठवडाभर दोघांनी यादी करा. बिलाची तारीख लक्षात ठेवणं हेही काम आहे, ते हमखास राहतं.

निवांत: यादी फ्रीजवर नका लावू हं, पाहुणे वाचतात 😄

सायंतारा: मेसेजवर माफी चालते का?

पानगळ: किरकोळ चुकीला चालते. मोठ्या चुकीला समोर बसा, मेसेजमध्ये आवाज नसतो. आणि निळ्या टिका दिसल्या म्हणून "वाचलंस ना?" पाठवू नका, ती वसुली होते.

आरस्पानी: घाईही नको. फ्रांट्झ आणि बेनिग्सन या संशोधकांना २००५ मध्ये हेच दिसलं: समोरच्याचं बोलून झाल्यावर आलेली माफी जास्त लागू पडते. आधी ऐका, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगा, "असंच ना?" विचारा, मग माफी. झटपट सॉरी म्हणजे "आता विषय संपव" असंच ऐकू येतं.

सायंतारा: धन्यवाद ताई. आणि मुलांची मागायची का?

पानगळ: मागायची ना! "मी ओरडले, चूक माझी." "तू ऐकत नव्हतास म्हणून" हे शेपूट जोडायचं नाही. बाळ उठलं, बाकीचं नंतर लिहिते.