चिनी स्थलांतरित रुग्ण आणि मानसोपचार: अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

सावनी_क्विन्सी

नमस्कार मंडळी. मी मॅसॅच्युसेट्समध्ये एका सामुदायिक दवाखान्यात क्लिनिकल सोशल वर्कर आहे. क्विन्सी भागात चिनी वस्ती मोठी. माझ्याकडे येणाऱ्यांत फुजियान प्रांतातून आलेली, रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात दिवसभर राबणारी माणसं बरीच आहेत. झोप लागत नाही, डोकं जड, छातीत दडपण, जेवण जात नाही, अशा तक्रारी असतात. हृदयाच्या, थायरॉइडच्या तपासण्या नॉर्मल येतात. मग डॉक्टर मानसोपचाराची चिठ्ठी देतात आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. दुभाषी म्हणून बऱ्याचदा शाळकरी मुलगीच सोबत असते.

या लोकांशी बोलायला सुरुवात कशी करावी? काय वाचावं? कुणाकडे पाठवावं? मला चिनी भाषा येत नाही, पण ही माणसं अशी हातातून निसटू नयेत असं फार वाटतं.

चाफा

सावनी, मी न्यूयॉर्कमध्ये सायकियाट्रिस्ट आहे. आधी वाचनाबद्दल. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन 1980 मध्ये चीनच्या हुनान प्रांतात गेले आणि 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, असं निदान झालेले 100 रुग्ण त्यांनी तपासले. अमेरिकी निकष लावले तर त्यांतल्या 87 जणांना नैराश्य होतं, पण ते आले होते डोकेदुखी, चक्कर, निद्रानाश घेऊन. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. औषधांनी लक्षणं कमी झाली तरी ज्यांचे कामाचे आणि घरचे प्रश्न सुटले नव्हते, ते अनेकजण स्वतःला आजारीच मानत राहिले. तुमच्या रुग्णांच्या डोक्यावर इथे येण्यासाठी काढलेलं कर्ज असेल, तान्हं मूल आजी-आजोबांकडे गावी ठेवलेलं असेल, तर नुसत्या गोळीने काय होणार? ते विचाराच.

दुसरं नाव तुमच्या जवळचंच, बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट युंग. चायनाटाउनमधल्या साउथ कोव्ह कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. नैराश्य असलेल्या चिनी रुग्णांना 'काय त्रास होतो?' असं मोकळं विचारल्यावर आपणहून उदासी कुणीच सांगितली नाही, हे त्यांच्या 2004 च्या अभ्यासात दिसलं. प्रश्नावलीत नेमकं विचारल्यावर मात्र 93 टक्क्यांनी हो म्हटलं. म्हणजे ते लपवत नव्हते. दवाखान्यात सांगायची गोष्ट ती, असं त्यांना वाटत नव्हतं. आपल्याकडे पित्त आणि अंगदुखी घेऊन येणाऱ्या बायका आठवून बघा.

युंग यांचा 'एंगेजमेंट इंटरव्ह्यू प्रोटोकॉल' शोधून वाचा. नेहमीच्या मुलाखतीतच क्लाइनमन यांचे प्रश्न गुंफलेले आहेत: या त्रासाला तुम्ही काय म्हणता, कशामुळे झाला असं वाटतं, सगळ्यात भीती कशाची वाटते, कोणता उपाय व्हावा असं वाटतं? निदानाचं नाव पहिल्याच भेटीत पुढे करू नका. झोपेपासून सुरुवात करा. झोप सुधारली की विश्वास बसतो, मग बाकीचं बोलणं निघतं.

रानवारा

मी कॅलिफोर्नियात दुभाषा सेवेचं नियोजन पाहते. मुलांना दुभाषी करणं आजपासून बंद करा. अगदी तातडीची वेळ सोडली तर अल्पवयीन मुलांकडून हे काम करून घ्यायला अमेरिकेच्या आरोग्य कायद्यातच मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, नवरा मारतो का, जीव द्यावासा वाटतो का, हे कोणती आई लेकीच्या तोंडून ऐकेल आणि खरं उत्तर देईल?

'चिनी दुभाषी' असंही मागू नका. मँडरिन, कँटोनीज, तायशानीज की फुजियानमधली फूझोऊ, यांपैकी कोणती बोली ते आधी विचारा. फुजियानच्या बऱ्याच लोकांना मँडरिन समजतं, पण मनातलं बोलायला घरचीच बोली लागते. वस्ती लहान असली की दुभाषी ओळखीचाच निघण्याची धास्ती असते, तेव्हा फोनवरचा, दुसऱ्या शहरातला दुभाषी बरा. पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली चिनीत मोफत मिळते. मुख्य भूमीवरच्यांना सरळीकृत लिपी द्या, हाँगकाँग-तैवानच्यांना पारंपरिक. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

सावनी_क्विन्सी

खूप आभार, दोघांचेही. एक अडचण राहतेच. मानसोपचार विभाग वेगळ्या इमारतीत आहे. तिथे जाताना कुणी पाहिलं तर, अशी भीती लोक बोलून दाखवतात.

चाफा

मग त्यांना तिकडे पाठवू नका, तुम्हीच फॅमिली डॉक्टरच्या खोलीत जा. न्यूयॉर्कच्या चार्ल्स बी. वांग कम्युनिटी हेल्थ सेंटरने 1990 च्या दशकातच मानसिक आरोग्याची सेवा प्राथमिक दवाखान्यात आणली, तिचं नाव ब्रिज प्रोग्रॅम. डॉक्टरांनी त्याच भेटीत 'या माझ्या सहकारी, झोपेसाठी मदत करतील' अशी ओळख करून दिली तर चिठ्ठीपेक्षा कितीतरी जास्त उपयोग होतो. वरिष्ठांकडे हीच मागणी लावून धरा. घरच्यांनाही रुग्णाच्या संमतीने बोलवा. उपचार सोडायचा की चालू ठेवायचा, हे पुष्कळदा सासू किंवा थोरला मुलगा ठरवतो.

औषधवाला

फार्मासिस्ट म्हणून दोन गोष्टी. चिनी वंशाच्या रुग्णाला कार्बामाझेपिन (फेफरं आणि मनःस्थितीच्या चढउतारांवरचं औषध) सुरू करण्याआधी एचएलए-बी 1502 ही जनुकीय चाचणी झालीच पाहिजे. हा जनुक असलेल्यांना त्वचा सोलून निघणारा स्टीव्हन्स-जॉन्सन आजार होण्याचा धोका फार मोठा असतो. तैवानमधल्या संशोधनातून 2004 मध्ये हा संबंध कळला आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियामक संस्थेने, तशी चेतावणी दिली. आपल्या भारतीय लोकांतही तो सापडतो, प्रमाण कमी.

दुसरं, जडीबुटीबद्दल न रागावता विचारा. 'तुम्ही काही घेत नाही ना?' असं विचारलं की उत्तर 'नाही' असंच येतं. 'घरी कोणता काढा, कोणतं सूप घेता, पुढच्या वेळी पिशवी घेऊन या' असं म्हणा. बाटल्या, पुड्या समोर आल्या की कशाशी काय चालणार नाही ते बघता येतं.

रानवारा

अजून एक सुचलं. 988 या संकटकालीन क्रमांकावर फोन केल्यास दुभाष्याची सोय आहे, पण त्यासाठी आपली भाषा इंग्रजीत सांगावी लागते. 'मँडरिन प्लीज', 'कँटोनीज प्लीज' एवढे इंग्रजी शब्द चिनी अक्षरांत उच्चारासकट लिहिलेलं कार्ड आम्ही रुग्णांच्या पाकिटात ठेवायला देतो. सावनी, तुमच्याकडच्या दुभाष्याकडून फूझोऊसाठीही तसं करून घ्या.