चार पानांचा प्रसंग बरोबर असूनही निर्जीव का वाटतो?

प्रश्न:
मी पहिलीच पूर्ण लांबीची पटकथा लिहीत आहे. तिच्यातील एका प्रसंगात बारा वर्षांनी परतलेला भाऊ थोरल्या बहिणीला वडिलांचे घर विकण्यासाठी राजी करू पाहतो. दोघे समोरासमोर बसून आपापली बाजू मांडतात, जुन्या तक्रारी निघतात, शेवटी बहीण रडते आणि प्रसंग संपतो. संवाद मी अनेकदा घासूनपुसून घेतले, तरी वाचणारा प्रत्येक जण ‘सगळे बरोबर आहे, पण पुढे काय होईल याची उत्सुकता वाटत नाही’ असेच म्हणतो. दोष संवादांत आहे, की पात्रेच कच्ची राहिली आहेत?

प्रतिसाद १:
मला वाटते, आपली पात्रे फार लवकर खरे बोलू लागतात. भावाला काय हवे ते कळले, परंतु बहिणीला त्या संध्याकाळी नेमके काय हवे आहे? ‘घर राहावे’ ही तिची कायमची भूमिका झाली, त्या प्रसंगातली निकड नव्हे. समजा, त्याने आजची रात्र मुक्काम करावा एवढेच तिला हवे आहे आणि त्याला मात्र शेवटच्या गाडीपूर्वी तिची सही घेऊन निघायचे आहे. आता ती जेवण वाढायला मुद्दाम उशीर लावील, तो घड्याळाकडे पाहत तिच्या हाताखाली काम करू लागेल आणि घराचा विषय काढायला दोघेही कचरतील. नाट्यशास्त्रकार भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक (देहाच्या हालचाली), वाचिक (बोलणे), आहार्य (वेश-रंगभूषा) आणि सात्त्विक (मनातील भावांचे प्रकटीकरण) असे चार प्रकार सांगितले. त्यांतल्या एकट्या वाचिकावर आपण नवशिके लेखक सगळा भार टाकतो. (माझ्या पहिल्या दोन पटकथांतील माणसे तर न्यायालयात साक्ष दिल्यासारखी बोलत असत.)

पात्र पक्के करण्यासाठी त्याचे लांबलचक चरित्र लिहून ठेवण्याचा मला फारसा उपयोग झालेला नाही. ‘आज राहा, सकाळी सही करते,’ असे बहीण म्हणाली तर भाऊ काय करील, एवढे ठरवून पाहा. तो कसा माणूस आहे हे तिथे कळेल.

प्रतिसाद २:
वरील मत मान्य आहे, पण अपुरे वाटते. उत्सुकता पात्रांच्या इच्छेइतकीच प्रेक्षकाला काय ठाऊक आहे यावरही अवलंबून असते. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देत असत: तो अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, पण प्रेक्षकाला आधीच दाखवला तर टेबलावरच्या त्याच निरर्थक गप्पांना १५ मिनिटांचा ताण. आपल्या भावाने घराचा विसार आधीच घेतलेला आहे आणि हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, बहिणीला नाही, असे करून पाहा. मग ‘भाजीत मीठ कमी पडले का?’ हा प्रश्नसुद्धा जड होतो.

प्रतिसाद ३:
एक छोटी सूचना. ‘त्याच्या मनात अपराधीपणा दाटून आला’ अशी वाक्ये वर्णनात असतील तर काढून टाका, कारण कॅमेऱ्याला ते दिसत नाही. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, त्यामुळे चार पाने केवळ बसून बोलणे बरेच लांबते. प्रसंगाची पहिली काही वाक्ये झाकून वाचा. बहुधा नमस्कार-चमत्काराखेरीज काहीही हरवणार नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. प्रसंग आता अडीच पानांवर आला आहे आणि तो जेवण अर्ध्यावर आले असताना सुरू होतो. विसाराची गोष्ट प्रेक्षकाला आधीच्या दृश्यात कळते. रडणे काढून टाकले. बहीण त्याचे अंथरूण घालते आणि मग, काही न विचारता, सहीसाठी पेन मागते. भाऊ पेन सापडत नसल्याचे सांगतो, आणि ते त्याच्या खिशाला लावलेले आपल्याला दिसत असते.