सोसायटी ग्रुप: कार्टून संध्या, शनिवार १५ नोव्हेंबर

कुलकर्णी काका, ए-७०३: नमस्कार. लिफ्टमधलं पोस्टर वाचलं. "वॉल्ट डिस्ने यांच्या टॉम अँड जेरीचा ८५ वा वाढदिवस, १५ नोव्हेंबर." टॉम अँड जेरी डिस्नेचं नव्हे, एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचं. तारीखही ती नव्हे, १० फेब्रुवारी १९४०. आणि चित्र छापलंय मिकीचं! रांगोळी स्पर्धेच्या पोस्टरनंतर तरी कोणी वाचून मग छापेल अशी अपेक्षा होती.

मृणाल, बी-२०४ (सांस्कृतिक): काका, सुप्रभात 🙏 लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. मसुदा रविवारीच ग्रुपवर टाकला होता. तेव्हा सगळ्यांनी अंगठे दिले, वाचला मात्र कोणीच नाही असं दिसतंय.

पाटील, सी-५०२: मिकी काय, जेरी काय, शेवटी उंदीरच. बेसमेंटमधल्यांचा वाढदिवस कधी आहे तेही समितीने जाहीर करावं.

देसाई, डी-१०१: प्रोजेक्टरचं भाडं कुठल्या खात्यातून जाणार? सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही. सभेत बोललो होतो, इतिवृत्तात आहे.

अनिकेत, सी-९०३: काकांचं बरोबर आहे. १० फेब्रुवारी १९४० ला आला तो 'पुस गेट्स द बूट'. त्यात मांजराचं नाव जॅस्पर आहे, उंदराला पडद्यावर नावच नाही. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने केलेला, पण श्रेयनामावलीत फक्त निर्माता रुडॉल्फ आयझिंग. टॉम आणि जेरी ही नावं स्टुडिओतल्या स्पर्धेतून आली. जॉन कार या अॅनिमेटरने सुचवली, ५० डॉलर बक्षीस मिळालं. ती नावं लागली १९४१ च्या दुसऱ्या फिल्मला. त्यामुळे ८५ हा आकडा जोडीचा आहे, नावांचा नाही.

कुलकर्णी काका, ए-७०३: तेच म्हणतोय. डिस्नेचं नाव काढा.

मृणाल, बी-२०४: काढते काका. पण मग १५ तारखेला वाढदिवस कोणाचा म्हणायचा? बालदिन शुक्रवारी, मुलांना शाळा, म्हणून शनिवार घेतलाय. हॉल फक्त त्याच दिवशी मोकळा आहे.

अनिकेत, सी-९०३: आठवडा चांगलाच सापडलाय. डिस्नेचा 'फँटेशिया' १३ नोव्हेंबर १९४० चा, ८५ वर्षं. मिकीचा 'स्टीमबोट विली' १८ नोव्हेंबर १९२८ चा, ९७ वर्षं. वुडी वुडपेकर २५ नोव्हेंबर १९४० चा, त्यालाही ८५. बग्ज बनी २७ जुलै १९४० चा. म्हणून पोस्टरवर "१९४० च्या पात्रांची ८५ वर्षं" लिहा, कोणाचीच तारीख चुकत नाही. गंमत म्हणजे 'स्टीमबोट विली' आणि 'फँटेशिया' दोन्ही न्यूयॉर्कच्या एकाच थिएटरात लागले होते. १९२८ ला त्याचं नाव कॉलनी होतं, १९४० ला ब्रॉडवे.

रोहन, डी-६०१: बग्ज बनी १९३८ चा आहे ना?

अनिकेत, सी-९०३: १९३८ चा 'पोर्कीज हेअर हंट'मधला ससा हा पूर्वज. चेहरा वेगळा, स्वभाव वेगळा. दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या १९४० च्या 'अ वाइल्ड हेअर'पासून गाजर, तो थंडपणा आणि "व्हॉट्स अप, डॉक?" एकत्र आले. बग्जचा स्टुडिओ वॉर्नरही तोच वाढदिवस धरतो.

भोसले काकू, ए-१०२: 🌸 शुभ सकाळ. आज टँकर येणार का?

सेक्रेटरी जोशी: टँकर अकराला. कृपया विषयाला धरून बोलावे.

देसाई, डी-१०१: विषयाला धरूनच विचारतोय. भाडं कुठल्या खात्यातून?

पाटील, सी-५०२: देसाईसाहेब, प्रोजेक्टर माझा आहे. भाडं नाही.

देसाई, डी-१०१: आणि वीज?

शिल्पा, बी-६०४: एक विनंती. जुन्या टॉम अँड जेरीत ती घरकाम करणारी बाई येते, आणि स्फोटानंतर चेहरे काळे होतात. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. हे मोठ्या पडद्यावर नको.

अनिकेत, सी-९०३: रास्त आहे. त्या बाईचं चित्रण कृष्णवर्णीयांची टिंगल करणारं आहे आणि पहिल्याच फिल्ममध्ये ती आहे. म्हणून वाढदिवस त्या फिल्मचा असला तरी ती दाखवायची नाही. 'कॅट कॉन्सर्टो' घ्या. टॉम पियानो वाजवतो, जेरी पियानोत झोपलेला. साधारण साडेसात मिनिटं. सात ऑस्करांपैकी एक याचा. 'टू माउस्केटिअर्स'लाही ऑस्कर आहे, पण शेवट गिलोटिनचा, लहान मुलांसमोर नको.

रोहन, डी-६०१: 'कॅट कॉन्सर्टो' म्हणजे बग्जची नक्कल. 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' १९४६ ला आधी आला. तोच लिस्टचा हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २, तोच पियानो, आत उंदीरसुद्धा.

पाटील, सी-५०२: आधी आला म्हणून काय झालं? ऑस्कर कोणाला मिळालं?

रोहन, डी-६०१: ऑस्कर मिळालं म्हणजे चोरी माफ होते का? पार्किंगचंही असंच आहे, आधी गाडी लावली म्हणजे जागा आपली.

पाटील, सी-५०२: पार्किंगचा विषय इथे काढायचं कारण?

अनिकेत, सी-९०३: दोन्ही स्टुडिओंनी तेव्हा एकमेकांवर चोरीचा आरोप केला होता, ते भांडण आपण मिटवणार नाही. एमजीएमचा तो जुना साठा आधी टर्नर या टीव्ही कंपनीकडे, मग वॉर्नरकडे गेला. आता टॉम आणि बग्ज एकाच मालकाच्या घरात नांदतात. टर्नरचीच 'कार्टून नेटवर्क' वाहिनी भारतात १ मे १९९५ ला आली, म्हणजे तिचीही ३० वर्षं यंदाच झाली.

कुलकर्णी काका, ए-७०३: पोस्टर बदललं का? लिफ्टमध्ये अजून डिस्नेच दिसतोय.

वैद्य मॅडम, ए-४०१: मुख्य मुद्दा कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. मोबाइल अॅपचं सदस्यत्व घरगुती वापरापुरतं असतं. पाटलांच्या खात्यावरून हॉलमध्ये लावायचं नाही. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्या काळच्या चित्रपटांना अमेरिकेत ९५ वर्षं, म्हणून 'स्टीमबोट विली' तिकडे १ जानेवारी २०२४ ला मोकळा झाला. मोकळा झाला तो फक्त १९२८ च्या रूपातला मिकी. ट्रेडमार्क हा वेगळाच प्रकार. पोस्टरच्या तळाशी क्लासवाल्यांची जाहिरात आणि वर मिकी, हे चालणार नाही. जाहिरात ठेवा किंवा मिकी ठेवा.

मृणाल, बी-२०४: जाहिरातीचे पैसे समोशांसाठी आहेत 😐

पाटील, सी-५०२: मिकीला काढा.

वैद्य मॅडम, ए-४०१: आपल्या कार्यक्रमाच्या यादीतलं 'एक अनेक और एकता' हे कार्टून १९७४ चं. अधिक ६० म्हणजे २०३४ अखेरपर्यंत हक्क शाबूत. ते सीईटी या सरकारी शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राचं होतं, जे आता एनसीईआरटीच्या सीआयईटी या संस्थेत आहे. परवानगीचं पत्र आजच पाठवा. उत्तर आलं नाही तर ते वगळा.

पाटील, सी-५०२: म्हणजे अमेरिकेचं मांजर मोकळं आणि आपली चिडिया पिंजऱ्यात.

कुलकर्णी काका, ए-७०३: त्या फिल्ममागे विजया मुळे होत्या, आपल्या मुंबईच्या. गेल्या वर्षी ५० वर्षं झाली, ग्रुपवर एक ओळ नाही. आणि फाळक्यांनी १९१५ ला 'आगकाड्यांची मौज' केली, आगकाड्या एकेक सरकवून. तिला ११० वर्षं. प्रिंट उरली नाही म्हणून नावही घ्यायचं नाही का? प्रभातचा १९३४ चा 'जंबूकाका' तर कोणी ऐकलाही नसेल.

मृणाल, बी-२०४: काका, निवेदन तुम्हीच करता का? प्रत्येक फिल्मच्या आधी दोन मिनिटं.

कुलकर्णी काका, ए-७०३: दोन मिनिटांत होत नाही. पण करतो.

अनिकेत, सी-९०३: आता पडद्याचं. पाटलांचा प्रोजेक्टर सुरू केला की आपोआप 'फुल' वर जातो. या फिल्मा जवळपास ४:३ च्या आहेत. १६:९ वर ताणल्या की प्रत्येक पात्र एकतृतीयांश रुंद होतं, जेरी घुशीसारखा दिसेल. 'अॅस्पेक्ट' मध्ये ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या. 'झूम' करू नका, वरून टॉमचे कान कापले जातात.

दुसरं, 'मोशन स्मूदिंग' किंवा तशा नावाचं जे काही असेल ते बंद. सेकंदाला २४ फ्रेम, पण बऱ्याच ठिकाणी एक चित्र दोन फ्रेमना धरलेलं असतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. यंत्र मधली चित्रं स्वतः बनवायला जातं आणि रेषा पाघळतात. टॉमचा पंजा गोल फिरतो तिथे लगेच दिसतं. आवाज एकाच ट्रॅकचा आहे, दोन्ही स्पीकरला तोच द्या. अंधार सव्वासहानंतर, पोडियमचे दिवे वॉचमनला सांगून बंद करा.

सेक्रेटरी जोशी: दिवे बंद करता येणार नाहीत. सुरक्षा.

अनिकेत, सी-९०३: मग पडद्यासमोरचे दोन तरी. पांढरी चादर दिव्याकडे पाठ करून लावली तर निम्मं काम होतं.

देसाई, डी-१०१: वीज कुठल्या खात्यातून? उत्तर आलेलं नाही.

सेक्रेटरी जोशी: कॉमन मीटर. दोन तासांचं काय ते. देसाईसाहेब, कृपया.

शिल्पा, बी-६०४: दीड तास मुलं नुसती बसणार नाहीत. आधी काही करायला द्या.

अनिकेत, सी-९०३: साडेचार ते सहा फ्लिपबुक. सामान असं: १०० ते १२० जीएसएमचा (जाडीचं माप) ए-४ कागद. नेहमीचा ७० चा नको, तो लुळा पडतो आणि पानं जोडीने सुटतात. १० × ७ सेंटिमीटरची कार्डं, एका ए-४ मधून आठ. एका मुलाला २४ कार्डं, म्हणजे तीन कागद. २५ मिलिमीटरची एक बाइंडर क्लिप. एचबी पेन्सिल. स्केच पेन नको, पलीकडे उमटतं.

पहिल्यांदा फक्त उडणारा चेंडू. शेवटच्या कार्डापासून सुरुवात करायची आणि वर वर यायचं, म्हणजे खालचं चित्र कागदातून जेमतेम दिसतं. क्लिपच्या बाजूचा एकतृतीयांश भाग कोरा, तो चाळताना वळत नाही, तिथलं चित्र वाया जातं. चुकतं ते अंतरात. मुलं सगळीकडे सारखी जागा सोडतात, मग चेंडू दोरीला बांधून ओढल्यासारखा चालतो. वर पोचताना चेंडू जवळजवळ, खाली पडताना लांब लांब. जमिनीला टेकतो त्या एकाच कार्डावर चपटा, आणि जेवढा चपटा तेवढाच रुंद, नाहीतर मधेच लहान झाल्यासारखा दिसतो. गठ्ठा क्लिप लावण्याआधी टेबलावर किंचित तिरका ठोकायचा, कडा पायरीसारख्या झाल्या की पानं एकेक सुटतात.

शिल्पा, बी-६०४: सहा वर्षांच्यांना हे जमणार नाही.

अनिकेत, सी-९०३: त्यांना भिंगरी. आठ सेंटिमीटरची पुठ्ठ्याची चकती, एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी, दोन टोकांना भोकं, दोरा, आणि पीळ. मागचं चित्र पुढच्याच्या मानाने उलटं काढायचं, डोकं खाली. सरळ काढलं तर फिरवताना पक्षी उलटा लटकतो.

रोहन, डी-६०१: २४ कार्डांत एक चेंडू. सात मिनिटांच्या फिल्मला किती?

अनिकेत, सी-९०३: ७ × ६० × २४ म्हणजे १०,०८० फ्रेम. दोन-दोन फ्रेमना धरलं तरी पाच हजारांवर चित्रं, आणि एका फ्रेममध्ये दोन पात्रं असतील तर दोन वेगळे सेल, म्हणजे चित्र काढायचे पारदर्शक ताव. सेलवर समोरून शाई, मागून रंग. पारदर्शक म्हटला तरी प्रत्येक सेलची थोडी झाक असते, एकावर एक चार-पाच ठेवले की खालची चित्रं मंदावतात. म्हणून टॉम क्षणभर बाहेर गेला तरी त्याच्या जागी कोरा सेल ठेवायचा, नाहीतर मागचा सोफा एकदम उजळतो. संगीतही फ्रेमवर मोजलेलं. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर दर १२ फ्रेमना एक ठोका. टॉम अँड जेरीचा संगीतकार स्कॉट ब्रॅडली, त्याचं संगीत मांजराच्या पावलांवर बसतं ते यामुळे. किंकाळ्या मात्र स्वतः हॅनाच्या.

भोसले काकू, ए-१०२: मिकीला हातमोजे का असतात?

अनिकेत, सी-९०३: काकू, काळं अंग, काळे हात. हात छातीसमोर आला की दिसायचाच नाही. १९२९ पासून पांढरे मोजे.

कुलकर्णी काका, ए-७०३: आणि एमजीएमला १९४५ च्या 'अँकर्स अवे'मध्ये जीन केलीबरोबर नाचायला आधी मिकीच हवा होता. डिस्नेकडून जमलं नाही म्हणून जेरी नाचला. पोस्टरवर दोघांची सरमिसळ करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मृणाल, बी-२०४: ठेवलं काका. नवीन पोस्टर लिफ्टमध्ये लागलंय. डिस्ने नाही, मिकी नाही, जाहिरात आहे. क्रम: 'स्टीमबोट विली' ८ मिनिटं, 'कॅट कॉन्सर्टो', मध्ये समोसे, पत्राचं उत्तर आलं तर 'एक अनेक'.

रोहन, डी-६०१: बग्जची एकही नाही?

पाटील, सी-५०२: पुढच्या वर्षी. ८६ ला.

देसाई, डी-१०१: कागद किती आणि बिल कोणाच्या नावाने?

मृणाल, बी-२०४: मोठी मुलं ४१. तीनप्रमाणे १२३, चुकवायला धरून १५० कागद आणि ४५ क्लिपा. बिल सोसायटीच्या नावाने, पावती तुम्हालाच आणून देते.

अनिकेत, सी-९०३: कागद दुकानातच गिलोटिनवर, म्हणजे कागद कापायच्या यंत्रावर, कापून घ्या. कात्रीने कापलेल्या कडा सारख्या येत नाहीत, पानं अडकतात. ए-४ मध्ये १० × ७ बसवल्यावर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला पावणेदोन सेंटिमीटरची पट्टी उरते, ती आधी काढायला सांगा.

देसाई, डी-१०१: उरलेल्या पट्ट्या टाकू नका. नोटीस बोर्डाला लागतात.