विषय: शब्दकोशासाठी अल्फ्रेडमध्ये शॉर्टकट

नमस्कार मंडळी,
वार्तापत्राचं मुद्रितशोधन करताना दर दोन मिनिटांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडावा लागतो. तोच शोध अल्फ्रेडमध्ये, म्हणजे कीबोर्डवरून ॲप्स उघडण्याच्या आणि शोध घेण्याच्या मॅकवरच्या ॲपमध्ये, बसवायला गेले. 'पाणी' शोधून पानाचा पत्ता कॉपी केला, तर त्यात 'पाणी' कुठेच नाही, नुसती टक्क्यांच्या चिन्हांची रांग. यात बदलायचं काय आणि कुठे?

---

ताई,
ती रांग म्हणजेच तुमचं 'पाणी'. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8मध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) 3 बाइट घेतं आणि पत्त्यात एकेका बाइटची तीन अक्षरं होतात. प, काना, ण, दीर्घ वेलांटी: चार चिन्हांची 36 अक्षरं झाली. त्यातून शब्द नेमका वेचत बसू नका. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थची 1857ची आवृत्ती आहे, तिथे रोमन लिपीत 'टेस्ट' शोधा. काही सापडो न सापडो, पत्त्यात तो शब्द लख्ख दिसेल. तेवढाच पुसून त्या जागी महिरपी कंसात रोमन अक्षरांत 'क्वेरी' लिहा. शब्दाच्या पुढेही पत्ता असतो, त्याला हात लावू नका. बहुतेकांचं तिथेच बिघडतं.

हा पत्ता सेटिंग्जमध्ये फीचर्स, वेब सर्च, मग ॲड कस्टम सर्च इथे टाका. यूटीएफ-8ची खूण असू द्या. कीवर्ड, म्हणजे शोध सुरू करायला आधी टाइप करायचा शब्द, एक-दोन अक्षरांचा पुरे. वर्कफ्लोंना, म्हणजे अल्फ्रेडमध्ये जोडायच्या स्वयंचलित कृतींना, पॉवरपॅक ही जोड विकत घ्यावी लागते, याला नाही.

---

झालं! मनापासून आभार. एकच अडचण उरली. कीवर्ड रोमन आणि शब्द मराठी, म्हणून दर वेळी मध्येच कीबोर्ड बदलावा लागतो. त्यात निम्मा वेळ जातो.

---

ताई, ही अडचण खरी आहे आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला येते. ॲडव्हान्स्डमध्ये 'फोर्स कीबोर्ड' आहे, पण त्याने अल्फ्रेड उघडताच एकच कीबोर्ड लागू होतो. मराठी ठेवलात तर ॲप्सची नावं टाइप करताना अडाल. त्यापेक्षा तोच शोध दुसऱ्यांदा जोडा आणि त्याचा कीवर्ड देवनागरीत द्या. मी 'को' ठेवलाय. मराठी कीबोर्ड चालू असताना 'को', स्पेस, शब्द, एंटर. मराठी विकिपीडियासाठी असाच 'वि' आहे. दिवसभरात मी सगळ्यात जास्त हेच दोन वापरतो, आणि लिहिताना तंद्री मोडत नाही हे मला फार मोलाचं वाटतं.

---

रेकास्ट हे अल्फ्रेडसारखंच दुसरं ॲप वापरणाऱ्यांसाठी: तिथे यालाच क्विकलिंक म्हणतात आणि कंसात 'क्वेरी'ऐवजी 'आर्ग्युमेंट' लिहितात. बाकी कृती वरचीच.

---

'को' जोडला. आत्ताच 'अनुषंग' पाहिला, हात कीबोर्डवरून उचलावाच लागला नाही. वार्तापत्राची उरलेली पानं आज रात्री पाठवते.